ताईच्या रेघा

४ मार्च, मंगळवार

आधी आली ती चष्मेवाली. तिच्यामागून तो उंच माणूस. आमच्या चौकटीवर कपाळ आपटून, "आई गं" म्हणतच आत! मी तिथल्या तिथे त्याचं नाव शिडी ठेवलं. खुर्चीत बसला तरी उभ्या माझ्याएवढा. सून नंतर मला म्हणते, "आई, पाहुण्यांकडे असं टक लावून बघू नये." मी कुठे बघत होते? मापत होते.

मांडीवर परात घेऊन मटार सोलत होते. वाटलं विमावाले असतील. म्हटलं, "आमच्याकडे सगळ्यांचे उतरवून झालेत हो." चष्मेवाली हसली. म्हणाली, "आजी, आम्ही संग्रहालयातून आलोय. तुम्ही कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत कामाला होतात ना?"

हातातली शेंग हातातच राहिली! जवळजवळ साठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरच्यांनी तर नाहीच. मुलाला वाटतं मी जन्मले तीच त्याची आई म्हणून.

झालं असं, की स्टुडिओच्या मालकांच्या नातवाने माळा रिकामा केला. सहा खोके काचा निघाल्या. पूर्वी फोटो काचेवर उठायचा, मग काचेवरून कागदावर. त्या सगळ्या काचा त्याने संग्रहालयाला देऊन टाकल्या. तिथे म्हणे जुन्या फोटोंचा वेगळा विभागच आहे. कुणाला पुस्तकात छापायला, पेपरात द्यायला जुना फोटो हवा असला की हे शोधून देतात. पण फोटोतली माणसं कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. नातू म्हणाला, "दोन बहिणी कामाला होत्या. धाकटी अजून आहे. बोलते भरपूर."

खरंच आहे ते! दीड तास बोलले. शिडीने तेवढ्यात अर्धे मटार सोलले. बिचाऱ्याचा गुण चांगला.

शुक्रवारी गाडी पाठवणार आहेत. मला न्यायला!

५ मार्च, बुधवार

सूनबाई विचारते, "काय घालून जाणार?" म्हटलं, चष्मा.

७ मार्च, शुक्रवार

आज लिहायला खूप आहे आणि डोकं तापलंय, त्यामुळे क्रमाने लिहिते.

संग्रहालय म्हणजे मला वाटलं होतं तलवारी न् हत्ती. पण आम्ही मागच्या दाराने गेलो. जिना, मग कुलूप, मग आणखी एक कुलूप. आत खोली अशी गार की मला वाटलं माझंच काहीतरी टिकवून ठेवणार आहेत! काचांना गारवा लागतो म्हणे. कपाटंच कपाटं. प्रत्येक काच कागदाच्या पाकिटात, पाकिटावर आकडा. आमच्याकडे त्या पोत्यात बांधून पडायच्या, हे मी सांगितलं नाही.

मग खालून दिवा लागणारं टेबल. चष्मेवालीने त्यावर पहिली काच ठेवली आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, ही तर बेकरीवाल्याची दुसरी!" लग्नानंतर आठ दिवसांत फोटो काढायला आलेली. नवरा पहिलीच्या फोटोच्या चौकटीत हिचा बसतो का ते बघत होता! हे सगळं चष्मेवालीने लिहून घेतलं. दुपारपर्यंत मी तेवीस माणसं ओळखली. काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते गोरं आणि गोरं ते काळं. शिडी म्हणाला, "आम्हाला कागदावर काढल्याशिवाय ओळखू येत नाही." मी म्हटलं, "आम्ही माणसं अशीच ओळखायचो. रस्त्यात खरी भेटली की परकी वाटायची."

एक काच मी सहज उचलून ओठाला लावली. शिडी किंचाळला! जुनी सवय! अंधारात काचेची औषध लावलेली, फोटो उठायची बाजू कुठली ते ओठाला कळतं, त्या बाजूला ओठ चिकटतो. मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. आता मला हातमोजे घातलेत आणि शिडी माझ्या तोंडाकडे लक्ष ठेवून बसतो.

पण मग ते झालं.

चष्मेवालीच्या वहीत काचेच्या आकड्यापुढे लिहिलेलं दिसलं, 'मळ. ओरखडे. चेहऱ्यावर डाग.' पुढच्या काचेलाही तेच. पान उलटलं, तिथेही तेच. मी विचारलं, "कुठे आहेत डाग?" तिने भिंगातून दाखवले. बेकरीवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांखाली बारीक बारीक काळ्या रेघा. ती म्हणाली, "सगळ्या काचांवर आहेत. काळजी नको आजी, सतरा तारखेला माणूस येतोय. औषधाने सगळं स्वच्छ धुऊन देणार आहे."

मी म्हटलं, "अगं, तो मळ नाही. ती माझ्या ताईची पेन्सिल आहे."

तिला कळलं नाही. म्हणाली, "कुणाची पेन्सिल राहिली?"

८ मार्च, शनिवार

झोप नाही. सकाळी सुनेला समजावून बघितलं, तिला कळलं. म्हणजे सांगितलं नीट तर कळतं.

काचेवर माणसाचा वण, सुरकुती, पुळी, डोळ्यांखालची काळजी हे सगळं उघडं पडतं. त्या जागा काचेवर फिक्या दिसतात. तिथे पेन्सिलीने केसापेक्षा बारीक रेघा भरायच्या. काच तिथे काळी झाली, की कागदावर ती जागा उजळते. सुरकुती गेली! पण भरायची इतकीच, की माणूस तोच राहिला पाहिजे. जास्त भरलं की बाहुली होते. आमच्या वेळी गिऱ्हाईक फोटो घेताना आधी आरशात बघायचं, मग फोटोत, आणि मग फोटोच खरा मानायचं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तेराव्या वर्षी तिच्या बाजूला बसले. चौथी नापास, दुसरं करणार काय! तिरपं टेबल, खाली आरसा, डोक्यावरून काळं फडकं. आधी मला फक्त माना द्यायची. मानेवर चुकलीस तर कॉलर झाकेल, म्हणायची. मग हनुवट्या. दोन वर्षांनी गाल. डोळ्यांखालचं काम शेवटपर्यंत तिचंच.

चोविसाव्या वर्षी तापाने गेली. चार दिवसांत. तिला मूलबाळ नाही. तिच्या हाताची चिठ्ठी नाही, कारण लिहायला येतच नव्हतं. स्टुडिओच्या प्रत्येक फोटोवर शिक्का मालकांचा. ताईचं म्हणून या जगात उरलंय ते एवढंच, काचांवरच्या रेघा. आणि त्या धुणार! औषधाने!

नाही धुऊ देणार.

१० मार्च, सोमवार

मुलगा म्हणाला, "आई, सरकारी काम असतं ते, तू कशाला मध्ये पडतेस?" म्हटलं, "तू रजा घे आणि मला घेऊन चल." त्याचा गुडघा दुखतोय, लंगडत आला. दोघं जिन्यावर एकमेकांना धरून चढलो. कोण कुणाला नेतंय कळत नव्हतं.

मोठे साहेब भेटले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, तुमची भावना समजते. पण हे पेन्सिलकामच आहे, मळ नाही, याला काही कागद आहे का? रजिस्टर? पगाराची पावती?"

म्हटलं, "पगार हातावर मिळायचा."

"मग मी वर काय दाखवू? धुलाईचं मंजूर होऊन बसलंय."

शिडी मध्येच म्हणाला, "शिवाय साहेब, धुतल्यावर लोकांचे खरे चेहरे दिसतील. पेन्सिलीने सुधारलेले चेहरे संग्रहात कशाला?" मला त्याचा असा राग आला! त्याने मटार सोलले नसते तर ऐकवलंच असतं. तरी थोडं ऐकवलं. म्हटलं, "खरा चेहरा लोकांच्या घरी आरशात फुकट होता. पैसे मोजून आमच्याकडे यायचे ते ताईच्या हातासाठी."

साहेबांना म्हटलं, "कागद नाही, पण हात आहे. प्रत्येकीची रेघ वेगळी असते. ताईची हुकासारखी, शेवटी जरा वळलेली. माझी सरळ, तांदळाच्या दाण्यासारखी. मी तुमच्यासमोर बसून काढून दाखवते. माझी रेघ काचेवरच्या रेघेशी जुळली तर तो मळ नाही. बरोबर?"

साहेब माझ्या हातांकडे बघत राहिले. थरथरतात माझे हात, कप उचलताना सगळ्यांनाच दिसतं. तरी म्हणाले, "ठीक आहे. सतरा तारखेला सकाळी या. धुणारा माणूस यायच्या आधी."

निघताना सांगून आले, "साहेब, तुमच्या डाव्या गालावरचा तीळ मी अर्ध्या मिनिटात काढला असता." मुलाने कपाळावर हात मारला.

११ मार्च, मंगळवार

पेन्सिली मिळाल्या. राळ मिळाली. टर्पेंटाईन रंगवाल्याकडून.

१२ मार्च, बुधवार

घरभर वास! टर्पेंटाईनमध्ये राळ विरघळवून त्याचा एक थेंब फडक्याने चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते, नाहीतर घसरते. सूनबाई नाकाला पदर लावून फिरतेय. "आई, घर रंगवताय की आम्हाला घालवताय?" पण खिडक्या तिनेच उघडून दिल्या, आणि सगळ्यांत उजेडाची जागाही तिनेच रिकामी करून दिली.

पेन्सिलीचं शिसं एक इंच उघडं काढून सँडपेपरवर सुईसारखं करायचं. सात मोडली. आठवी झाली.

१३ मार्च, गुरुवार

सराव कशावर करायचा? काचा तर त्यांच्या कुलपात. मग सुचलं! मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे. खिडकीला चिकटवला, मागून ऊन. डॉक्टरांनी बाणाने दाखवलंय तिथे हाडाला पांढरं टोक वाढलंय. मी दुपारभर बसून ते टोक पेन्सिलीने बुजवलं. करंगळी टेकवायची, मनगट हलवायचं नाही, श्वास सोडताना रेघ. पहिल्या पन्नास रेघा मेल्या कोंबडीच्या पायासारख्या आल्या. पुढच्या बऱ्या.

संध्याकाळी मुलाने उजेडात धरून बघितलं. "आई! हाड गेलं की! आता दुखायचं थांबेल ना?"

मग लक्षात आलं, पुढच्या आठवड्यात तोच एक्स-रे डॉक्टरांना दाखवायचाय. सून अर्धा तास खोडरबर घेऊन बसली. दोघी एवढं हसलो की चहा उतू गेला.

१५ मार्च, शनिवार

आज हात ऐकत नाही. करंगळी टेकवली तरी टोक थरथरतं. बारा रेघा, बारा दिशांना. रडू आलं, पण डोळ्यात पाणी आलं की दिसत नाही, म्हणून थांबवलं.

ताई असती तर म्हणाली असती, "हाताकडे बघू नकोस, गालाकडे बघ." तिचं सगळ्याला एकच उत्तर असायचं. कॉलरचं सोडून.

१६ मार्च, रविवार

गालाकडे बघितलं. चाळीस रेघा. चाळीसही सरळ.

१७ मार्च, सोमवार

झालं! पण सगळंच नाही. सांगते.

साहेब, चष्मेवाली, शिडी आणि आणखी दोन-तीन कोण कोण. सगळे उभे, मी एकटी बसलेली. मला दाखवायला बसवलेल्या नवरीसारखं वाटलं. चष्मेवालीने आधी दहा काचा ठेवल्या. मी भिंग लावून सांगत गेले. ही ताईची. ही ताईची. ही माझी, मानेपासून वर मला जाऊ दिलंय म्हणजे दुसरं वर्ष. ही दोघींची, कपाळ तिचं, हनुवटी माझी. शिडी मागे उभा राहून वहीत लिहीत होता. मग त्याच दहा काचा त्याने माझ्याकडे पाठ करून उलट्यासुलट्या क्रमाने लावल्या आणि पुन्हा विचारलं. चालू आहे लेकाचा! दहाच्या दहा पुन्हा तशाच सांगितल्या.

मग एक फुटकी काच दिली, कामातून गेलेली. कुणीतरी मिशीवाला, अर्धाच उरलेला. मी थेंब लावला. चोळला. कपाळावरच्या आठ्या भरायला घेतल्या.  मला खोलीतल्या सगळ्यांचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने तोही येईनासा झाला. हात? हात माझा नव्हताच. वीस वर्षांच्या कुणा मुलीचा होता, ती मला उसना देऊन बाजूला बसली होती.

चाळीस मिनिटं लागली. पूर्वी दहा लागली असती.

साहेबांनी भिंगातून माझी काच बघितली. मग जुनी, मी ओळखलेली माझी. मग पुन्हा नवी. बराच वेळ वाकून होते. वर बघून एवढंच म्हणाले, "धुलाई रद्द. फोन लावा त्याला."

चष्मेवालीने मला मिठीच मारली! शिडी म्हणाला, "आजी, मी चुकलो." मी म्हटलं, "उंचावरून बारीक दिसत नाही, चालायचंच."

आणि तेवढ्यात फोनवर धुणारा माणूस म्हणाला, की त्याला शनिवारी वेळ होता म्हणून त्याने सुरुवात करून टाकली. पहिला खोका नमुना म्हणून आधीच त्याच्याकडे पाठवलेला होता. अडतीस काचा धुऊन झाल्या. "छान निघाल्यात," म्हणाला.

 साहेबांनी पाणी दिलं.

१८ मार्च, मंगळवार

अडतीस.

सून म्हणते, "आई, बाकीच्या साडेपाचशेहून जास्त वाचल्या, त्या बघा ना." बघते. बघतेच आहे. पण अडतीस कुठल्या, हे कळेपर्यंत मन जागेवर येणार नाही.

१९ मार्च, बुधवार

चष्मेवालीचा फोन. आता प्रत्येक पाकिटावर मालकांच्या नावाखाली लिहिणार, पेन्सिलकाम अमुकचं. ताईचं पूर्ण नाव विचारलं. मी अक्षर अक्षर सांगितलं, तिने वाचून दाखवलं, मी पुन्हा वाचायला लावलं. तीनदा. मग म्हणाली, आता तुमचं सांगा. म्हटलं, माझं कशाला, मी कॉलरवाली. ऐकेचना! शेवटी सांगितलं. फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, आज स्वयंपाक तू कर, मी नामांकित आहे.

कुठल्यातरी मुलीला उद्या अभ्यासासाठी फोटो हवा असेल, ती पाकीट काढेल, आणि ताईचं नाव वाचेल. मोठ्याने वाचलं तर त्या गार खोलीत ते उच्चारलं जाईल. मी सोडून ते कुणी उच्चारल्याला किती वर्षं झाली!

धुतलेल्या अडतिसांपैकी एक दाखवायला शुक्रवारी दोघं येणार आहेत. "महत्त्वाचं आहे" एवढंच म्हणाली. आवाज जरा वेगळा होता.

२१ मार्च, शुक्रवार

दोघं आली. शिडी वाकून आला आज.

टेबलावर दोन फोटो ठेवले, एकाच काचेचे. एक धुण्याआधी काढून ठेवलेला, एक नंतरचा. कडेला काचेवरचं मालकांचं अक्षर उमटलेलं, 'नवी लेन्स तपासली.' समोर बसवायला दुसरं कुणी मिळालं नसेल, म्हणून कामावरच्या मुलीलाच बसवलेलं.

पहिल्यातली ताई माझ्या भिंतीवरच्या फोटोत आहे तीच; त्या फोटोवरूनच दोघांनी तिला ओळखलं. गुळगुळीत गाल. स्वतःच भरलेले.

दुसऱ्यात वण. कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर खड्डेच खड्डे. तिला लहानपणी देवी आलेल्या! मी विसरले होते. भिंतीकडे बघून बघून, मी माझ्या ताईचं तोंड विसरले होते. तेराव्या वर्षी तिच्या कुशीत झोपायचे तेव्हा माझ्या कपाळाला लागायचा तो हाच गाल. खरखरीत.

दोन आठवडे मी घसा फोडून सांगत होते, रेघा पुसू नका. आणि आता धुतलेला फोटो हातातून खाली ठेववत नाही.

शिडी हळू म्हणाला, "आजी, आम्ही या काचांचं प्रदर्शन भरवतोय, त्यात एका काचेचा एकच फोटो लावता येईल. तुम्ही सांगाल तो." मला बोलता येईना. मला! सून पाणी आणायला उठली ती तशीच उभी राहिली.

दोन्ही फोटो ठेवून गेलेत. उत्तर न्यायला गुरुवारी अकरा वाजता येतो म्हणाले.